बंधपत्रातील अपुरे वाक्य

दरवर्षी २६ जून हा दिवस अमली पदार्थविरोधी दिन म्हणून जगभर पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९८७ मध्ये तसा ठराव केला. आपल्याकडेही या दिवशी शाळकरी मुलांच्या प्रभातफेऱ्या निघतात, चौकाचौकांत फलक लागतात, व्यसनमुक्तीच्या शपथा घेतल्या जातात. हे सारे आवश्यकच आहे. जो अजून व्यसनाच्या वाटेला गेलेला नाही, त्याला वेळीच सावध करणे हे समाजाचे कर्तव्यच होय. परंतु या फेऱ्यांत एक माणूस कधी दिसत नाही आणि त्याची आठवणही कोणाला होत नाही. तो कारागृहाच्या दरवाजातून नुकताच बाहेर पडलेला असतो किंवा न्यायालयाने कारावासाऐवजी सद्वर्तनाच्या हमीवर त्याला घरी पाठविलेले असते. हातात कपड्यांची पिशवी, खिशात एक कागद आणि अंगात अनेक वर्षांचे व्यसन घेऊन तो आपल्याच वस्तीत, आपल्याच गल्लीत परतत असतो. त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न केवळ त्याचा वा त्याच्या कुटुंबाचा नाही. तो समाजाच्या सुरक्षिततेचा आणि समाजाच्या शहाणपणाचाही प्रश्न आहे.

शिक्षेस पात्र ठरलेला माणूस कारागृहाबाहेर राहू शकतो अशा दोन प्रमुख वाटा आपल्या कायद्याने ठेवल्या आहेत. पहिली वाट परिवीक्षेची. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमानुसार, गुन्ह्याचे स्वरूप आणि अपराध्याचे चारित्र्य लक्षात घेऊन, न्यायालय त्याला शिक्षा न सुनावता बंधपत्रावर मुक्त करू शकते आणि परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते. मुंबई प्रांताने तर स्वातंत्र्यापूर्वी, १९३८ मध्येच, असा कायदा केला होता. दुसरी वाट रजेची. महाराष्ट्रातील कैद्यांना १९५९ च्या नियमांनुसार ‘अभिवचन रजा’ आणि ‘संचित रजा’ मिळते. पॅरोल आणि फर्लो या नावांनी त्या अधिक परिचित आहेत. अमेरिकेत पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर भोगणे. आपल्याकडे ती काही आठवड्यांची सुट्टी असते आणि ती संपली की कैद्याने पुन्हा कारागृहात हजर व्हायचे असते.

परिवीक्षेच्या कायद्यातील चौथे कलम या संदर्भात मुद्दाम वाचण्याजोगे आहे. अपराध्याने पुन्हा तोच गुन्हा करू नये यासाठी न्यायालयाने बंधपत्रात कोणत्या अटी घालाव्यात, हे सांगताना कायदेकर्त्यांनी निवासस्थानाबरोबरच मादक पदार्थांपासून दूर राहण्याच्या अटीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. व्यसन आणि गुन्हा यांचे नाते १९५८ च्या संसदेला नेमके उमगले होते, याचा हा पुरावा. मात्र वाक्य तिथेच संपते. ज्याचे शरीर आणि मन नशेवाचून चालेनासे झाले आहे, त्याने नशेपासून दूर राहायचे कसे, कोणाच्या मदतीने, कोणत्या उपचाराने, याविषयी बंधपत्र मौन बाळगते. आजचा प्रश्न या अपुऱ्या वाक्याचा आहे.

व्यसनाधीनता हा केवळ मनाचा दुबळेपणा आहे, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. ‘मनावर घेतले तर सुटेल’, असे घरातील वडीलधारे म्हणतात. तेच पोलीस म्हणतात आणि प्रसंगी न्यायालयही ऐकवते. मनोनिग्रहाचे मोल कोणी नाकारू नये. त्याखेरीज कोणताच व्यसनमुक्त माणूस उभा राहिलेला नाही. परंतु निग्रह करायला आधी शरीर स्थिरावलेले असावे लागते. रोज मोठ्या प्रमाणात दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली, तर हातापायांना कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो आणि वैद्यकीय देखरेख नसेल तर प्राणही जाऊ शकतो. गर्दच्या आहारी गेलेल्यांच्या बोलीत ‘टर्की’ म्हणतात ती अवस्था प्राणघातक क्वचितच असते, पण ती इतकी असह्य असते की तिच्या भीतीनेच माणूस पुन्हा पुडीकडे धावतो आणि पुडीसाठी चोरीकडे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला आहे. एका कायद्याने ज्याला आजार म्हटले, त्याविषयी दुसऱ्या कायद्याखाली केवळ ‘दूर राहा’ एवढेच फर्मान निघावे, ही विसंगती आहे.

कारागृहात राहिल्याने व्यसन आपोआप सुटते, हा दुसरा गैरसमज. बंद दाराआड पुरवठा कमी होतो हे खरे. पण त्यातून एक वेगळाच धोका उभा राहतो आणि त्याची जाणीव फारच थोड्यांना आहे. काही महिने नशा न मिळाल्याने शरीराची ती सोसण्याची ताकद ओसरते, ओढ मात्र तशीच राहते. बाहेर आलेला माणूस पूर्वीच्याच सवयीने पूर्वीचीच मात्रा घेतो आणि श्वास थांबून मरतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या कारागृहांतून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्या राज्यातील इतर रहिवाशांच्या तुलनेत सुमारे तेरा पट, तर अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका १२९ पट आढळला. आपल्याकडील अभिवचन रजेची मुदत डोळ्यांपुढे आणली, तर या आकड्यांचा अर्थ अधिक बोचतो. जो काळ सर्वांत धोक्याचा, नेमक्या तेवढ्याच काळासाठी आपण कैद्याला घरी पाठवतो, आणि त्या काळात त्याच्याकडून अपेक्षा काय, तर ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी आणि वेळेवर परत येणे!

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. अमेरिकेतीलच ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याने २०१६ पासून आपल्या कारागृहांत अफूजन्य व्यसनावरील औषधोपचार सुरू केले आणि सुटकेनंतरही ते खंड न पडता चालू राहतील अशी व्यवस्था लावली. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत तेथे अतिमात्रेने मृत्यू पावलेल्यांपैकी २६ जण नुकतेच कारागृहातून सुटलेले होते. पुढील वर्षी त्याच काळात ही संख्या ९ वर आली. आपल्या देशातही दिल्लीच्या तिहार कारागृहात २००८ मध्ये ब्युप्रेनॉर्फिन या औषधाच्या साहाय्याने असे उपचार सुरू झाले होते. म्हणजे ज्ञान आहे, औषध आहे, अनुभवही आहे. अडते ते कारागृहाच्या आतील उपचार आणि बाहेरील जीवन यांना जोडणारा सांधा नसल्यामुळे.

अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदा कठोर आहे आणि तो कठोरच असला पाहिजे. तरुणांच्या रक्तात विष कालवून इमले बांधणाऱ्यांना दयामाया दाखविण्याचे कारण नाही. परंतु याच कायद्याने व्यापारी आणि व्यसनी यांत स्वच्छ भेद केला आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. कलम ३३ नुसार या कायद्याखालील बहुतेक गुन्ह्यांतील प्रौढ अपराध्यांना परिवीक्षेचा लाभ मिळत नाही, पण केवळ सेवनाच्या गुन्ह्याला त्यातून वगळले आहे. कलम ३९ त्याहून पुढे जाते. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला लगेच कारावास न देता, त्याच्या संमतीने, शासनमान्य रुग्णालयात वा संस्थेत उपचारासाठी बंधपत्रावर सोडता येते. त्याने वर्षभराच्या आत उपचाराचा अहवाल न्यायालयापुढे ठेवायचा. अहवाल समाधानकारक असेल, तर न्यायालय त्याला समज देऊन आणखी कमाल तीन वर्षांच्या बंधपत्रावर मुक्त करू शकते. कलम ६४-अ तर स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या अशा व्यसनी आरोपीला खटल्यापासूनच संरक्षण देते आणि उपचार अर्धवट टाकले तर ते संरक्षण काढूनही घेता येते. परिवीक्षेच्या कायद्यात जे वाक्य अपुरे राहिले, ते या कायद्याने पूर्ण केलेले आहे.

मग ही कलमे कागदावरच का राहतात? कारणे ठाऊक असलेलीच आहेत. आरोपी गरीब असतो. त्याला कायद्याची ही बाजू कोणी समजावून सांगत नाही. दंड भरून किंवा थोडी शिक्षा भोगून मोकळे होणे त्याला आणि त्याच्या वकिलाला सोपे वाटते. परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या डोक्यावर इतर कामांचे ओझे असते. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे न्यायाधीशांनी पाठवायचे ठरवले तरी पाठवायचे कोठे? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे केवळ एकाला कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळतो. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळणारा तर १८० जणांमागे एक. ज्या देशात प्रतिष्ठित घरांतील व्यसनी माणसालाही उपचाराची जागा मिळत नाही, तेथे तुरुंगातून आलेल्याला कोण विचारणार? त्यात गल्लीबोळांत उघडलेल्या काही केंद्रांतून उपचाराच्या नावाखाली मारझोड आणि कोंडून ठेवणे चालते. अशा ठिकाणी माणसाला पाठविणे म्हणजे एका कोठडीतून दुसरीत पाठविण्यासारखेच.

‘ज्यांनी कायदा मोडला त्यांचे एवढे लाड कशासाठी?’ असा प्रश्न अनेक सुजाण वाचकांच्या मनात येईल, आणि तो अनाठायी नाही. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्या माउलीच्या गळ्यातील मंगळसूत्र हिसकावले गेले, तिच्या दुःखाला तोलणारे उत्तर कोणत्याही सुधारणावादी विचाराने दिलेच पाहिजे. ते उत्तर असे आहे की, देखरेखीखालील उपचार हा सुटका करून घेण्याचा सोपा मार्ग नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील मायामी येथे १९८९ मध्ये पहिले अमली पदार्थ न्यायालय सुरू झाले. अशा न्यायालयांत आरोपीला ठरावीक दिवसांनी स्वतः न्यायाधीशांपुढे उभे राहावे लागते. त्याची लघवी वरचेवर तपासली जाते. उपचाराला दांडी मारली तर तत्काळ जाब द्यावा लागतो. प्रगती झाली तर तेच न्यायाधीश भर न्यायालयात शाबासकी देतात. अनेकांना हा मार्ग चार-सहा महिने कैदेत पडून राहण्यापेक्षा कठीण वाटतो. या न्यायालयांच्या १५४ मूल्यमापनांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांच्या बाबतीत पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. हा आकडा चमत्काराचा नाही. शंभरातील ३८ जण पुन्हा घसरलेच. पण जे १२ जण घसरले नाहीत, त्यांच्या हातून होणाऱ्या चोऱ्या टळल्या, त्यांच्या मुलांच्या डोक्यावर छत्र राहिले. ज्या माउलीचे मंगळसूत्र वाचले तिला ते कधी कळणारही नाही, पण ते वाचले.

केवळ धाकाने हे साधत नाही, हेही अनुभवाने शिकविले आहे. हवाईमध्ये २००४ मध्ये एका न्यायाधीशांनी परिवीक्षेतील लोकांसाठी एक पद्धत सुरू केली. नियम मोडला की ताबडतोब, पण थोड्याच दिवसांची कैद. सुरुवातीचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. त्याच धर्तीवर इतर चार ठिकाणी प्रयोग झाला, तेव्हा मात्र २०१६ मध्ये आलेल्या मूल्यमापनात पुनर्गुन्ह्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. यातून घ्यायचा बोध साधा आहे. शिस्त हवी, पण तिच्या जोडीला उपचार आणि आपुलकी हवी. आपल्या परिवीक्षा कायद्याच्या नवव्या कलमात हे शहाणपण आधीपासूनच आहे. बंधपत्राची अट पहिल्यांदा मोडल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा न देता किरकोळ दंड करून बंधपत्र तसेच चालू ठेवण्याची मुभा ते न्यायालयाला देते. व्यसनमुक्तीच्या वाटेवर माणूस एकदा तरी घसरतो, हे उपचार करणारा प्रत्येक जण जाणतो. घसरला त्याच दिवशी त्याला कायमचे टाकून दिले, तर आधीचे सारे श्रम पाण्यात जातात.

भारतीय परंपरेला हा विचार परका नाही. याज्ञवल्क्य स्मृतीची रचना आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त अशा तीन अध्यायांत आहे. व्यवहाराच्या अध्यायात न्याय आणि दंड येतात, पण ग्रंथ तेथे थांबत नाही. प्रायश्चित्ताचा अर्थच मुळी असा की, दोष मान्य करून ठरलेले कष्ट सोसलेल्या माणसाला समाजाने पुन्हा आपल्यात घ्यावे. दंड राजाने द्यायचा, परत मात्र समाजाने घ्यायचे. आज आपण पहिली अर्धी गोष्ट शासनावर सोपवली आणि दुसरी अर्धी विसरलो.

महाराष्ट्राला तर याचे जिवंत उदाहरण घरातच लाभले आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, १९३९ मध्ये, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना तेथे भिंतींविना, शेतीच्या कामावर, कुटुंबासह राहू देण्याचे धाडस त्या लहानशा संस्थानाने केले. १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटातून ते धाडस घराघरांत पोचवले. त्याची कथा माणदेशचेच सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांची. पडद्यावरील ते बारा हात पाहून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांच्याच गल्लीत सुटून आलेला माणूस आला की दारे लावली जातात, हे वास्तव आहे.

दुसरे उदाहरण पुण्याचे. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ मध्ये डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी भरघोस साहाय्य केले. गर्दच्या विळख्याने मुंबई-पुण्यातील घरे उद्ध्वस्त होत असतानाचा तो काळ होता. व्यसनी माणसाला रुग्ण मानावे, त्याच्या पत्नीला आणि आईवडिलांना उपचारात सामील करून घ्यावे, बरे झालेल्यांनीच नव्यांना हात द्यावा आणि केंद्रातून गेल्यावरही वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा, ही शिकवण या कामाने महाराष्ट्राला दिली. ज्या येरवड्यात राज्याचे मोठे मध्यवर्ती कारागृह आहे, त्याच येरवड्यात हे केंद्र उभे राहिले. कारागृहाचा दरवाजा आणि उपचाराचा दरवाजा यांच्यातील अंतर महाराष्ट्रात फार नाही. ते चालून जाणारी पायवाट मात्र प्रत्येक जिल्ह्यात पाडावी लागेल.

त्यासाठी काय करता येईल? रजेवर वा शिक्षा संपवून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कैद्याची व्यसनाच्या दृष्टीने वैद्यकीय तपासणी सुटकेपूर्वीच झाली पाहिजे. ज्यांना गरज आहे त्यांची गाठ बाहेरच्या उपचार केंद्राशी पहिल्याच आठवड्यात पडली पाहिजे. अतिमात्रेचा धोका कैद्याला आणि त्याच्या घरच्यांना साध्या शब्दांत समजावून सांगितला पाहिजे. प्रत्येक जिल्हा न्यायालयापाशी मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्रांची यादी असली पाहिजे, म्हणजे कलम ३९ वापरण्याची न्यायाधीशांची इच्छा जागेअभावी वाया जाणार नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांकडे पाठविलेल्या आदर्श कारागृह अधिनियमात रजेवरील कैद्यांसाठी इलेक्ट्रॉनिक मागोवा यंत्राची तरतूद आहे. कैदी कोठे आहे हे ते यंत्र अचूक सांगेल. तो कोणत्या अवस्थेत आहे, हे मात्र त्याच्या शेजारी बसणारा माणूसच सांगू शकेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने सार्वजनिक ठिकाणी मद्यधुंद अवस्थेत गैरवर्तन करणाऱ्यासाठी समाजसेवेची शिक्षा प्रथमच आणली. ही चांगली सुरुवात आहे. झाडू हाती देताना त्या माणसाला दवाखान्याचा रस्ताही दाखवला, तर तिचे चीज होईल.

परंतु सर्वच शासनावर सोडून समाजाला हात झटकता येणार नाहीत, आणि कायद्यानेही तसे मानलेले नाही. परिवीक्षा कायद्याचे तेरावे कलम सांगते की, शासनमान्य संस्थेने पुरविलेली व्यक्तीही परिवीक्षा अधिकारी म्हणून काम करू शकते आणि अपवादात्मक प्रसंगी न्यायालयाला योग्य वाटेल अशी अन्य कोणतीही व्यक्ती. सेवावृत्तीच्या माणसांसाठी कायद्याने उघडे ठेवलेले हे दार आहे. आपल्या गावोगावी निवृत्त शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, रोज तास-दोन तास समाजाला देणारे कार्यकर्ते आहेत. पूरग्रस्तांसाठी धान्य गोळा करणारे हे हात एका सुटून आलेल्या माणसाबरोबर दर आठवड्याला उपचार केंद्रापर्यंत चालत जाऊ शकतात. एखादा उद्योजक त्याला कामावर घेऊ शकतो. एखादी गृहिणी त्याच्या पत्नीला धीर देऊ शकते, कारण नवऱ्याच्या व्यसनाची आणि तुरुंगाची दुहेरी लाज ती एकटीच वाहत असते. यात टाळ्या नाहीत, छायाचित्रे नाहीत. माणूस अनेकदा फसवेल, पैसे मागेल, ठरलेल्या दिवशी येणार नाही. तरीही पुढच्या आठवड्यात त्याच्या दारावर पुन्हा थाप मारावी लागेल. सेवाकार्याची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते.

न्यायालयात बंधपत्रावर दोघांच्या सह्या असतात, अपराध्याची आणि जामीनदाराची. ‘मादक पदार्थांपासून दूर राहीन’ हे वाक्य अपराधी लिहून देतो. ‘आणि त्यासाठी आम्ही त्याच्या सोबत राहू’ हे वाक्य लिहायचे राहिले आहे, आणि ते कोणत्याही न्यायाधीशाला सक्तीने लिहून घेता येणार नाही. ते समाजालाच आपल्या हाताने पुरे करावे लागेल. येत्या २६ जूनला प्रभातफेरी जरूर निघावी. तिने आपल्या गावातील उपकारागृहाच्या दारापर्यंतही एकदा जाऊन यावे.